मागचं डावं चाक

जुन्या गाडीची तक्रार घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा भलतंच सांगतो. "दादा, गाडी वढत न्हाई," एवढंच त्याला ठाऊक असतं. मग मला विचारावं लागतं, सकाळी कितव्या सेल्फला चालू होते? धूर काळा की पांढरा? चढाला जळका वास येतो का? खोदून खोदून विचारल्यावर कळतं, की डिझेलच्या पाइपात हवा धरतेय, नाहीतर क्लच प्लेट झिजून कागद झालीय, नाहीतर गाडीला काहीच झालेलं नाही, या शहाण्याने माल दीडपट भरलाय. मी गेनू मिस्त्री. वेल्ह्याच्या रस्त्याला विंझरमध्ये माझं गॅरेज आहे, चौतीस वर्षं झाली. गेनूदादाच्या चार शिव्या खाल्ल्याशिवाय गाडी बाहेर पडत नाही, असं ड्रायव्हर लोक म्हणतात. खरं आहे ते. गाडीची हेळसांड बघितली की माझं डोकं फिरतं आणि तोंड सुटतं.

असा हा तोंडाळ माणूस एका गोष्टीबद्दल अकरा महिने गप्प बसला. ती गोष्ट गोरखच्या ट्रकची.

ट्रक माझ्या गॅरेजच्या मागे, करंजाच्या झाडाखाली उभा होता. अठरा वर्षांची सहाचाकी गाडी, पुढचं तोंड आत गेलेलं, स्टिअरिंग वाकलेलं, टपावर करंजाचा पाला साठलेला. गोरख वाडीवरचा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खडी भरून पाबे घाट उतरताना गाडी त्याच्या हाताबाहेर गेली. एका अंगाला दरी होती. त्याने गाडी दुसऱ्या अंगाला, डोंगरात घातली. लोक धावत पोचले तेव्हा तो स्टिअरिंगवरच संपला होता.

केबिनमध्ये दारूची बाटली सापडली. पावशेराची, फुटलेली. चार जणांनी ती डोळ्यांनी पाहिली, आणि पुढचं सगळं गावाने ठरवून टाकलं. गोरख पूर्वी प्यायचा, ते सगळ्यांना माहीत होतं. चार वर्षांपूर्वी त्याने वेल्ह्याच्या मेंगाईदेवीच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली होती, तेही सगळ्यांना माहीत होतं. मग बोलायला काय लागतं? शपथ मोडली, देवीने शिक्षा केली. त्याच्या रक्ताच्या तपासणीचा कागद अजून कुठल्या तरी टेबलावर पडून होता आणि त्याची वाट बघायची कोणाला गरजही नव्हती.

बाटली माझी होती. म्हणजे रिकामी बाटली मी उचलून ठेवलेली, धुऊन तिच्यात ब्रेक ऑइल भरलेलं आणि ती गाडीत ठेवून दिलेली. घाटातले सगळे ड्रायव्हर ब्रेक ऑइल अशाच बाटल्यांतून नेतात. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण बाटली कशाला दिली असं कोणी विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर त्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकात होतं.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला सकाळी मंगल आली. गोरखची बायको. अकरा महिन्यांत ती माझ्या फाटकाच्या आत एकदाही आली नव्हती. आली ती थेट मागे गेली, ट्रकभोवती एक चक्कर मारली आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"दादा, ती गाडी उघडा."

"भंगारवाल्याला बोलवू का? त्यो येऊन—"

"भंगारवाला नगं. ब्रेक उघडा. मला बगायचंय."

"आता बगून काय व्हनार, मंगल?"

"मला देवळात जायाचंय," ती म्हणाली. "गेल्या वरसापासनं मेंगाईची पायरी चढले न्हाई म्या. बाया तोंडावर म्हनत्यात, तुज्या नवऱ्यानं आईला फसवलं. सासूबाई तर घरातनं भाईर निगत न्हाईत. आन खरं सांगू? मला बी मदी मदी वाटतं, प्याले असतील. ह्येच लई वाईट हाय बगा. मेलेल्या मानसावर संशय घेऊन जगायचं. प्याले असतील तर असूं द्या. पन मला कळू द्या."

मी तिला उद्या ये म्हणू शकलो असतो. मग गाडी एकट्याने उघडली असती आणि जे काढायचं ते काढून ठेवलं असतं. हा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. पण ती तिथेच उपड्या डब्यावर पदर खोचून बसली आणि जॅकची दांडी तिने माझ्या हातात दिली.

चाकाला पाना लावता लावता मी मनात एक वाक्य तयार करत होतो. ते वाक्य अकरा महिने माझ्या उशाला होतं, त्यामुळे फार जुळवावं लागलं नाही.

त्याचं असं होतं. गेल्या वर्षी अष्टमीला गोरखचा धाकटा भाऊ बंडू ती गाडी माझ्याकडे घेऊन आला होता. मागच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑइल गळत होतं. आतला सिलिंडर गेलेला. नवा आणायचा तर पुण्याहून, आणि दसऱ्यामुळे दुकानं बंद. अशा वेळी आम्ही मिस्त्री लोक काय करतो, तर त्या चाकाकडे जाणारी बारीक नळी सोडवतो, जोडावर सायकलच्या बेअरिंगमधला छर्रा ठेवतो आणि नट आवळून टाकतो. त्या चाकाचा ब्रेक बंद. मागची जोडचाकं एकेकच धरली तर ब्रेक चार; उरलेल्या तीन चाकांच्या ब्रेकवर गाडी रिकामी, हळूहळू घरी जाते. घरी जाण्यापुरतंच करायचं असतं हे. भरलेली गाडी तीन चाकांवर घाट उतरायला लागली की ब्रेक तापतात, आणि तापले की पायडल नुसतं खाली जातं, गाडी थांबत नाही.

"माल भरू नका," असं मी बंडूला दोनदा सांगितलं होतं. आणि माझ्या नियमाप्रमाणे स्टिअरिंगला लाल फडकं बांधलं होतं. काम अपुरं असेल तर मी गाडीच्या स्टिअरिंगला लाल फडकं बांधतो आणि ते मीच सोडतो. पाब्यापासून वेल्ह्यापर्यंतच्या ड्रायव्हरांना हे ठाऊक आहे. गोरखला तर चांगलंच ठाऊक होतं. बंडूने गाडी रात्री दारात लावली. गोरख तेव्हा घरी नव्हता, आणि बंडू पहाटेच्या गाडीने कोकणात सासरवाडीला गेला. तिथे त्याचा फोन लागत नाही. मी गोरखला फोन करायला हवा होता. केला नाही. म्हटलं, फडकं आहे ना.

तर माझं वाक्य असं होतं: छर्रा माझा, पण मी फडकं बांधलं होतं, गोरखने ते बघून माल भरला. या वाक्यावर मी अकरा महिने झोपलो.

पुढची दोन्ही चाकं उघडली. ड्रम उतरवले तर आतलं लायनिंग जळून कोळसा झालेलं, ड्रमला आतून निळसर डाग. मागचं उजवं उघडलं, तेही तसंच. मंगल वाकून प्रत्येक चाकात बघत होती. काय बघायचं ते तिला कळत नव्हतं, तरी बघत होती.

"लई तापलं व्हतं का?" तिने विचारलं.

"लई."

"मंजी ब्रेक मारत व्हते ते."

"वरपासनं खालपातूर मारत व्हता, मंगल. प्यालेला मानूस येवडा ब्रेक मारत न्हाई."

तिने डोळे पुसले. मग आपणच बोलायला लागली. "खंडेनवमीला सकाळी सकाळी म्याच धुतली व्हती गाडी. दरसाली म्याच धुते. ते आंगूळ करत व्हते. म्हनलं, ते भाईर यायच्या आदी समदं झालं पायजे. आत स्टेरिंगला कसलं तरी लाल फडकं गुंडाळल्यालं, तेलानं बरबटल्यालं. मला शिसारीच आली. सनाच्या दिवशी देवापुढं आसलं घान फडकं! सोडलं आन चुलीत टाकलं. स्टेरिंगला झेंडूची माळ बांदली, लिंबू बांदलं. ते भाईर आले आन म्हनले, मंगल, गाडी नवी दिसाय लागली. त्येच शेवटचं चांगलं बोलनं."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला.

गोरखने फडकं बघितलंच नव्हतं. त्याने झेंडू बघितला. गाडी मिस्त्रीकडून आली, फडकं नाही, म्हणजे काम पुरं झालं, असं समजून तो माल भरायला गेला. त्याने काहीच चूक केली नव्हती. अकरा महिने मी दोष त्या मेलेल्या माणसावर टाकून झोपत होतो, आणि आता तो त्यातून सुटला तर माझ्या वाक्याचं दुसरं टोक ह्या बाईच्या गळ्याला लागत होतं. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. मी खाली बसून मागचं डावं चाक उघडायला घेतलं. जोडचाक, नट गंजलेले. गुडघे दुखत होते. ते चाक कधी निघूच नये असं वाटत होतं.

ते निघालं. ड्रम उतरवला. आतलं लायनिंग तेलकट, पण कोरं. कुठे जळल्याचा डाग नाही.

मंगल वाकली. बघितलं. उठून उजव्या चाकाकडे गेली, तिथलं बघितलं, परत आली.

"ह्ये का न्हाई जळलं?"

गाडीतलं काही कळत नसलेल्या बाईने नेमकं तेवढंच विचारलं. मी आडवा होऊन गाडीखाली गेलो, नळीचा नट सोडवला, आणि छर्रा हातात घेऊन बाहेर आलो. वाटाण्याएवढा. तिच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो छर्रा म्या घातला," मी म्हणालो. "ह्या चाकाचा ब्रेक बंद केला व्हता. पार्ट नव्हता म्हनून. गाडी तीन चाकांवर उतरत व्हती. गोरख प्यालेला नव्हता. ती बाटली बी माजीच, ब्रेक आइलची."

तिने छर्रा बोटांत धरून फिरवून बघितला.

"त्यास्नी सांगितलं व्हतं का?"

हाच तो प्रश्न. माझं वाक्य जिभेवर तयार होतं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि ते उच्चारलं असतं तर ती जन्मभर त्या चुलीसमोर बसून राहिली असती.

"न्हाई," मी म्हणालो. "सनाच्या गडबडीत इसरलो. बंडूला बी सांगितलं न्हाई. कुनालाच न्हाई."

तिने मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने छर्रा पदराच्या टोकाला बांधला. "अकरा म्हयने," एवढंच म्हणाली. मग फाटकापाशी जाऊन वळली. "अष्टमीला आरतीला वेल्ह्याला या. समद्यांपुढं सांगा. तवा माजा इस्वास."

मधल्या दिवसांत मी बंडूला भेटून, फडक्याचं बोलू नकोस असं सांगून ठेवायला हवं होतं. धीर झाला नाही. तोही माझ्यासारखाच अकरा महिने गप्प होता. भावाला आपण फोन केला नाही, हे त्याला खात होतं. दोघांचाही आधार एकच, ते फडकं.

अष्टमीला मी गेलो. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, माणसं पायऱ्यांवर रेंगाळत होती. मंगल खाली, चपलांच्या जागेपाशी उभी होती. तिच्या हातात उद्याच्या पूजेसाठी घेतलेल्या झेंडूच्या माळा होत्या. शेजारी तिची सासू साळूबाई, काठी धरून. मी खालच्या पायरीवर उभा राहिलो आणि बोललो. मला भाषण येत नाही. छर्रा, बाटली, तीन चाकं, जळालेलं लायनिंग, हे एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. गोरखने शपथ मोडली नव्हती, हे तीनदा सांगितलं. मी हे कोणाला कळवलं नव्हतं आणि नंतर दडवून ठेवलं, हेही सांगितलं.

कोणी तरी मागून शिवी दिली. ती माझ्या ओळखीची होती, मी स्वतः रोज देतो. मी मान खाली घातली.

तेवढ्यात गर्दीतून बंडू पुढे आला. तोंड लाल झालेलं. "दादा, आसं कसं म्हनता? म्या सोता बगितलंय. तुमी तवा स्टेरिंगला—"

"बंडू!" मी ओरडलो. गॅरेजमध्ये ओरडतो तसा. "गप ऱ्हा. तुला काय बी म्हाईत न्हाई. म्या तुला काय सांगितलं न्हाई आन काय दावलं न्हाई."

तो भांबावून माझ्याकडे बघत राहिला. मी मंगलकडे बघितलं. तिच्या हातातल्या माळांकडे बघितलं. बंडूनेही तिकडे बघितलं. दरसाली गाडी कोण धुतं, माळ कोण बांधतं, हे त्याच्या घरातलंच होतं. त्याला कळायला फार वेळ लागला नाही. त्याचा चेहरा एकदम उतरला. तो तिथेच पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. लोकांना वाटलं, भावाच्या आठवणीने बसला.

साळूबाई काठी टेकत माझ्यापाशी आली. तिला कमी दिसतं. तिने माझ्या दंडाला चाचपून धरलं.

"मंजी माजा गोरख प्याला नव्हता?"

"न्हाई, काकू. पानी बी न पिता उतरत आसंल. पाय ब्रेकवरच व्हता त्याचा."

"आईला दिल्याला सबूद पाळला व्हता त्यानं?"

"पाळला व्हता."

म्हातारीने माझा दंड सोडला. मंगलने तिचा हात धरला आणि दोघी पायऱ्या चढायला लागल्या. बायांनी बाजूला होऊन वाट दिली. मी खालीच उभा होतो. वर घंटा वाजली, तेव्हा मला रडू आलं. खरं तीन हिस्से सांगितलं होतं आणि एक हिस्सा गिळला होता. त्याचं मला वाईट वाटलं नाही. उलट, आपली शिक्षा आपल्याच गळ्यात आहे, दुसऱ्या कोणाच्या नाही, याचं बरं वाटलं. आणि मला कोणी भला माणूसही म्हणू नये. हेच मी पहिल्या दिवशी बोललो असतो, तर त्या म्हातारीचं एक वर्ष घरात कोंडून गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दरवर्षी त्या दिवशी माझ्या आवारात गाड्यांची रांग लागते, पाने-हातोड्यांच्या पूजेला ड्रायव्हर लोक पेढे घेऊन येतात. यंदा कोणी आलं नाही. येणार नाहीत हे धरूनच होतो.

सकाळी बंडू एकटा येऊन गेला. उभ्या उभ्या म्हणाला, "दादा, म्या बगितलं व्हतं."

"तू काय बी बगितलं न्हाईस."

"वैनी आज हितं येनार हायती. गाडी धुवायला. दरसालचं काम हाय, चुकवनार न्हाई म्हनत्यात." तो आवारातल्या गाड्यांकडे बघत होता. दोन टेम्पो आणि एक पाण्याचा टँकर, तिन्ही कामं अपुरी. तिन्हींच्या स्टिअरिंगला माझी लाल फडकी.

तो गेल्यावर मी तिन्ही गाड्यांत चढलो आणि फडकी सोडली. काचेवर चुन्याने लिहिलं, "काम अपुरं. गाडी हलवू नये." अक्षर माझं वाईट, पण वाचता येतं. फडकी चुलीत टाकायला माझ्याकडे चूल नव्हती. तेवढ्यात फाटक वाजलं, म्हणून ती उजव्या खिशात कोंबली.

मंगल बादली घेऊन आली होती. बंडूने पाणी ओढून दिलं. मोडकी गाडी तिने टपापासून चाकांपर्यंत धुतली, करंजाचा पाला काढला, फुटलेल्या काचेच्या कडा पुसल्या. मग दार ओढून आत चढली आणि त्या वाकड्या स्टिअरिंगला झेंडूची माळ बांधली. मी गॅरेजच्या दारात उभा होतो. पुढे जायचं की नाही, कळत नव्हतं.

जाताना ती माझ्यासमोर थांबली. टँकरच्या काचेवरचं लिहिलेलं तिने वाचलं होतं.

"पैल्यापासनं आसंच लिवीत असता तर," ती म्हणाली.

"व्हय."

"म्या तुमाला माफ करनार न्हाई, दादा. पन तुमी बोललात. त्यांचं नाव ऱ्हायलं."

मी मान हलवली. एक दिवस कोणीतरी ड्रायव्हर चहाच्या टपरीवर सहज बोलून जाईल, गेनू मिस्त्री पूर्वी लाल फडकं बांधायचा म्हणून. त्या दिवशी ती काय करेल, मला माहीत नाही. ती बादली उचलून फाटकाकडे चालायला लागली. माझा उजवा हात खिशात होता, फडक्यांवर घट्ट मिटलेला. ती रस्त्याला लागेपर्यंत मी तो बाहेर काढला नाही.